पायगाडी आणि अनोळखी गाव : सायकलस्वारांच्या विलक्षण भेटींचा इतिहास

🧵 १.
सायकलवरून अनोळखी गावात शिरणाऱ्या माणसाला आजही तीन प्रश्न हमखास विचारले जातात : कुठून आलात, कुठे चाललात, आणि एवढ्या गाड्या असताना सायकल कशाला? यातला तिसरा प्रश्न अलीकडचा. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या जागी निराळाच प्रश्न होता : हे आहे तरी काय? या दोन प्रश्नांमधल्या काळात रस्त्यांवर ज्या भेटी घडल्या, त्यांतल्या काही हसवणाऱ्या आहेत, तर काही हसता हसता गप्प करणाऱ्या.

२.
बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात, खामगावच्या वाटेवर उंद्री हे गाव आहे. या मुलखात चाक म्हणजे बैलगाडीचे चाक, आणि बैलगाडी म्हणजे कापूस. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावास आले आणि जलंब-खामगाव हा लोहमार्ग खुला झाला. परिसरातल्या वाटा बाजारपेठेकडे धावू लागल्या. अशा वाटेवर बैलाशिवाय, घोड्याशिवाय, दोनच चाकांवर माणूस तोल सावरतो हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. मराठीने या यंत्राला नावही साधे दिले : पायगाडी.

३.
त्या आश्चर्याचे पहिले सविस्तर वर्णन थॉमस स्टीव्हन्स या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या प्रवाशाने करून ठेवले आहे. २२ एप्रिल १८८४ रोजी तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. त्याची सायकल आजच्यासारखी नव्हती. पुढचे चाक ५० इंची, मागचे चिमुकले, आणि स्वार जवळजवळ माणसाच्या छातीइतक्या उंचीवर बसलेला. सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, तंबू व अंथरूण म्हणूनही उपयोगी पडणारा रेनकोट आणि एक रिव्हॉल्व्हर.

४.
अमेरिकेत त्याची गाठ पडली ती आगगाडीशी. डोंगराळ भागात चांगला रस्ता नसल्याने तो रुळांच्या कडेने जाई. एका पुलावर समोरून गाडी आली आणि बाजूला व्हायला जागाच नव्हती. सायकलसह पुलाच्या लाकडी तुळईचा आधार घेऊन तो लोंबकळत राहिला. गाडी डोक्यावरून धडधडत निघून गेली. पुढे तुर्कस्तानात गावोगावी जमाव त्याला घेरून एकच आग्रह धरी : चढ आणि चालवून दाखव. दमलेल्या माणसाला विसाव्याआधी खेळ करून दाखवावा लागे, आणि खेळ आवडला की तो पुन्हा पाहायचा असे.

५.
इराणात हा आग्रह थेट राजवाड्यातून आला. तेहरानमध्ये हिवाळा काढणाऱ्या स्टीव्हन्सला शहा नासिरुद्दीनने आपल्यासमोर सायकल चालवायला लावली. मात्र खेड्यातला शेतकरी असो वा मयूरासनावरचा बादशहा, दोघांचे कुतूहल सारखेच होते. फरक एवढाच की शेतकऱ्याला नकार देता येत होता.

६.
अफगाणिस्तानात कुणी हसले नाही. रशिया आणि इंग्लंड यांच्या सत्तास्पर्धेचे ते दिवस होते. नकाशे काढणारा प्रत्येक परका माणूस हेर ठरे, मग चाकावर बसून आलेला कसा सुटेल? फराह येथे त्याला अडवून हेरातमार्गे परत इराणात धाडण्यात आले. मग मोठा वळसा घालून तो जहाजाने कराचीला उतरला, आगगाडीने लाहोरला गेला आणि तेथून ग्रँड ट्रंक रस्त्याने १८८६ च्या पावसाळी उकाड्यात कलकत्त्यापर्यंत सायकलवर पोहोचला.

७.
पुढे चीनच्या अंतर्भागात कुतूहलाचे रूपांतर दगडफेकीत झाले. फ्रान्सशी झालेल्या युद्धाची जखम ताजी होती. गोरा माणूस दिसला की तो शत्रूच. एका शहरात अधिकाऱ्यांच्या कचेरीत आश्रय मिळाला म्हणून तो वाचला. डिसेंबर १८८६ मध्ये त्याने योकोहामा गाठले. एकाच यंत्राला एका देशात टाळ्या, दुसऱ्यात अटक आणि तिसऱ्यात दगड मिळाले. यंत्र तेच होते. त्यावर बसलेला माणूस कोणत्या सत्तेचा समजला जातो, यावर स्वागत ठरत होते.

८.
एक तांत्रिक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. स्टीव्हन्सच्या चाकांना भरीव रबर होते; ते पंक्चर होत नसे. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि प्रवास मऊ झाला, पण काट्यांचे राज्य सुरू झाले. बाभळीच्या मुलखात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पंक्चर झाले की थांबणे आले. छिद्र शोधायला पाण्याने भरलेले घमेले हवे, ते कुणाच्या तरी घरून मागणे आले. घमेल्याबरोबर चार माणसे, आठ पोरे आणि दहा सल्लेही आले. वाटसरू आणि गाव यांची ओळख पाण्यातून वर येणाऱ्या बुडबुड्यांच्या साक्षीने होऊ लागली.

९.
याचा सर्वाधिक अनुभव फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दांपत्याने घेतला. १८९७ च्या अखेरीस सिलोनपासून सुरुवात करून त्यांनी हिंदुस्थानचे दक्षिण टोक ते हिमालयाचा पायथा असा सायकलप्रवास केला. जावा, सुमात्रा व ब्रह्मदेश धरून सुमारे १४,००० मैलांचा हा पल्ला होता. सामानात चहा, साखर, बिस्किटे, डबाबंद मांस, उशा आणि प्रत्येकी एक घोंगडी. एखाद्या दिवशी ४० पर्यंत पंक्चर काढावी लागत. मुक्कामाची सोय नसेल तेथे स्टेशनची वेटिंग रूम हेच शयनगृह. काही ठिकाणी सोबतीला उंदीरही.

१०.
या बाईंनी आधीच्या प्रवासांत कुत्र्यांसाठी चाबूक आणि पिस्तूल बाळगले होते. आज हे अतिशयोक्त वाटेल. पण त्या काळी युरोपात कुत्रा हा सायकलस्वाराचा मान्यताप्राप्त शत्रू होता. फ्रान्समध्ये तर १८९० च्या दशकात ‘वेलो-डॉग’ या नावाचे छोटे रिव्हॉल्व्हर खास सायकलस्वारांसाठी विकले जाई. कुत्र्याचा जीव जाऊ नये म्हणून त्यासाठी लाल मिरचीची पूड भरलेली काडतुसेही मिळत. वऱ्हाडी माणसाला हा उपाय नक्कीच ओळखीचा वाटेल, फक्त तो तिखट भाकरीबरोबर वापरतो.

११.
आतापर्यंतच्या गोष्टींत पाहणारा गोरा आणि पाहिला जाणारा देश काळा-सावळा होता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी ही बाजू उलटली. मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबातले सहा पारशी तरुण जग पाहायला सायकलवर निघाले : आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. काही वर्षांपूर्वी युरोपातून पायी हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच माणसाचे ओव्हल मैदानावरचे भाषण ऐकून ही कल्पना रुजली होती. तो पायी येऊ शकतो, तर आपण चाकांवर का जाऊ नये?

१२.
पंजाब, बलुचिस्तान आणि इराण ओलांडून ते बगदादला पोहोचले. नरिमन कापडिया तेहरानहूनच माघारी फिरले. उरलेल्यांनी बगदाद ते अलेप्पो हे सुमारे ९५६ किलोमीटरचे वाळवंट २३ दिवसांत पार केले. वाळूची वादळे, कोरडे घसे आणि भाजणारे ऊन. पुढे इटली, आल्प्स, इंग्लंड आणि अमेरिका. अमेरिकेत गुस्ताद हाथीराम यांना तो देश इतका भावला की ते तेथेच राहिले. जिवलग मित्र सोडून गेल्याने खट्टू झालेले केकी पोचखानावाला मुंबईला परतले. जग जिंकायला निघालेल्या सहांची संख्या अशी तीनवर आली; एकालाही वाघाने खाल्ले नाही की दरोडेखोराने मारले नाही.

१३.
हकीम, बापासोला आणि भूमगरा मात्र पुढे गेले. जपान, कोरिया, चीन, हिंदी चीन, सयाम, ब्रह्मदेश आणि आसाम ओलांडून १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. साडेचार वर्षांना एक महिना कमी. अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. १९३१ मध्ये त्यांचे प्रवासवृत्त प्रसिद्ध झाले आणि त्याला प्रस्तावना लिहिली जवाहरलाल नेहरूंनी. त्यांच्यापाठोपाठ जानेवारी १९२४ मध्ये फ्रामरोज दावर एकटेच निघाले. व्हिएन्नामध्ये त्यांना गुस्ताव स्ताव्यानिक हा सोबती मिळाला, आणि दोघांनी आल्प्स, सहारा व ॲमेझॉनचा प्रदेश पाहिला. दावर १९३१ मध्ये परतले. १९३३ मध्ये निघालेले केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे त्रिकूट परतले ते थेट १९४२ मध्ये, जग युद्धात होरपळत असताना.

१४.
या तरुणांच्या प्रवासाला विनोदापलीकडचा एक अर्थ होता. ते राजकीय दृष्ट्या ब्रिटिश प्रजाजन होते. पण रस्त्यावर भेटणाऱ्याला त्यांची ओळख हिंदी माणसे म्हणूनच पटत असे. हिंदुस्थान म्हणजे साप, साधू आणि संस्थानिक अशी चित्रे डोक्यात असलेल्या माणसासमोर चिखलाने माखलेला, पंक्चर काढणारा, भूक लागलेला एक तरुण उभा राही. आपल्या देशाची ओळख जगाला करून देणे हा त्यांच्या प्रवासाचा घोषित हेतू होता. तो भाषणांइतकाच अशा भेटींतून साधत होता.

१५.
याच काळात महाराष्ट्रातल्या एका रस्त्यावर घडलेला प्रसंग सायकलीचा नाही, पण वाहनाच्या इतिहासात तो वगळता येत नाही. १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला उतरले. वस्तीपर्यंत त्यांना टांग्याने न्यायचे ठरले. पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतल्या लोकांना पटेना. म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा एकजण लगाम धरून बसला. नदीवरच्या पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

१६.
घोडा बाटत नाही, टांगा बाटत नाही, भाड्याचे पैसे बाटत नाहीत. बाटतो तो फक्त हाकणारा. या तर्कशास्त्राची विचित्रता हसण्याजोगी आहे आणि तिची किंमत पाय मोडण्याइतकी खरी आहे. सायकलीचे महत्त्व येथे उमगते. तिला हाकणारा वेगळा लागत नाही. ज्याची सायकल, तोच सारथी. त्यामुळे नकार देणारा मधला माणूस नाहीसा झाला. अर्थात नकार संपला नाही. मानाच्या घरांसमोरून जाताना खाली उतरून सायकल हाताने ढकलत न्यावी, अशी सक्ती देशाच्या अनेक भागांत दलितांवर होत राहिली.

१७.
स्त्रियांची गोष्टही याच वळणाची. १९९१ मध्ये तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेला सायकलशिक्षणाची जोड देण्यात आली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. सुरुवातीला रस्त्यावरच्या पुरुषांचे टोमणे ही रोजची भेट होती. पुढे पाणी भरणे, मुले शाळेत सोडणे, माल बाजारात नेणे यांसाठी कुणाची वाट पाहावी लागेनाशी झाली, तसे टोमणेही विरत गेले. पत्रकार पी. साईनाथ यांच्या लेखनामुळे ही चळवळ देशभर पोहोचली.

१८.
महाराष्ट्राच्या शहरांत सायकलस्वाराची ठरलेली भेट होती ती पोलिसाची. नगरपालिकेचा कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला, रात्री दिवा आणि डबलसीटला बंदी, हे तीन नियम एका पिढीला पाढ्यांसारखे पाठ होते. दिवा तेलाचा असे तेव्हा तो वाऱ्याने विझे, आणि आत्ताच विझला हे पटवण्यासाठी त्याची काच अजून गरम असल्याचा पुरावा दिला जाई. दंडाऐवजी चाकातली हवा सोडून देणे हा हवालदारी न्यायही अनेकांच्या आठवणीत आहे. १९४९ नंतर मद्रासमध्ये टीआय आणि १९५६ पासून लुधियानात हीरो अशा कारखान्यांमुळे देशी सायकल आवाक्यात आली, आणि नवलाची वस्तू लग्नातल्या मागणीच्या यादीत जाऊन बसली.

१९.
या साऱ्या इतिहासात एक मोठी पोकळी आहे. भेट दोघांची असते, पण लिहिले एकानेच. स्टीव्हन्सला तुर्की शेतकरी कसा दिसला ते छापलेले आहे. शेतकऱ्याला स्टीव्हन्स कसा दिसला ते कुणी टिपले नाही. वर्कमन दांपत्याने पंक्चर मोजली; पाण्याचे भांडे देणाऱ्या बाईने त्या रात्री घरी काय सांगितले, ते हवेत विरले. प्रवासवर्णनांत गावकरी बहुधा हास्यास्पद दिसतो, याचे एक कारण लेखणी कुणाच्या हाती होती हे आहे. धुळीने माखून, छातीइतक्या उंचीवर डोलत येणारा परका गावाला कमी हास्यास्पद दिसला नसेल.

२०.
ही पोकळी अंशतः भरता येईल. गावात पहिली सायकल कुणाच्या दारात उभी राहिली, ती कुठल्या पिकाच्या पैशातून आली, तिच्यावर बसायची मुभा कुणाला होती आणि कुणाला नव्हती, पहिल्यांदा कोणती मुलगी ती चालवत शाळेत गेली, हे सांगू शकणारी माणसे उंद्रीसारख्या गावांच्या पारावर अजून बसलेली आढळतील. ती ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना हे प्रश्न विचारायला संशोधकच हवा असे नाही. घरातले नातवंडही पुरे. उत्तरे मात्र तारखेसह लिहून ठेवावीत.

(धागा समाप्त)