फुजीच्या सहाव्या टप्प्यापर्यंत

मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत एका स्नेह्यांनी विचारले, "डॉक्टर, बाहेर ती रणगाड्यासारखी गाडी उभी आहे, ती तुमचीच ना?" मी अभिमानाने हो म्हटले. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न, "पण योकोहामात तिचे काम काय?" त्या वेळी मोदक तोंडात असल्यामुळे उत्तर द्यावे लागले नाही. हाच प्रश्न आमची सौ. दोन वर्षे विचारते आहे. तेव्हा म्हटले, एकदा सविस्तर लिहूनच टाकावे.

गाडी १९९४ सालची टोयोटा लँड क्रूझर ८०, साडेचार लिटरचे पेट्रोल इंजिन. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, डॉक्टरेट मात्र यंत्र अभियांत्रिकीतली. हाताला ग्रीस लागून वीस वर्षे झाली होती. ही गाडी डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांसाठी नव्याने सिद्ध करायची, असा माझा बेत आहे. बेत आखताना नेहमीच्या सवयीने मी मूळ आराखडा शोधायला गेलो आणि थेट माझ्या लहानपणात येऊन पोचलो.

माझे वडील सातारा जिल्ह्यात पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होते. दाराशी सरकारी जीप यायची. महिंद्रची, कापडी छपराची, पुढच्या आसनावर बसले की गुडघे डॅशबोर्डला टेकणारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दोन दिवसांनी वडिलांना तिकडे मदतकार्यावर पाठवले. परत आल्यावर ते फारसे बोलले नाहीत. एवढेच सांगितले, की काळ्या मातीच्या चिखलात जीप रुतली, चारही चाकांना गती देऊनही हलेना, आणि शेवटी गावकऱ्यांनी बैलजोडी लावून, कासऱ्याचे चऱ्हाट बांधून ती ओढून काढली. मी तेव्हा दहाएक वर्षांचा. चार चाकांना गती देणारी गाडी अडकूच शकत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. ती तेव्हा गेली.

त्या जीपचे मूळ अमेरिकेतले. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या आणि नमुना तयार करायला अवघे ४९ दिवस दिले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही छोटी कंपनी तेवढ्या दिवसांत गाडी घेऊन हजर झाली. (सॉफ्टवेअरच्या जगात ४९ दिवसांत बैठकीची तारीखही ठरत नाही.) पण लष्कराला हव्या होत्या लाखो गाड्या. बँटमचा कारखाना लहान, त्यामुळे मोठी कामे विलीज आणि फोर्ड यांना गेली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. बँटमच्या वाट्याला त्यांतल्या थोड्याच आल्या.

जपानी सैन्याच्या हाती फिलिपिन्समध्ये अशी एक बँटम लागली. ती जपानमध्ये आणून टोयोटाला आज्ञा झाली, की हिच्यासारखी गाडी बनवा, पण दिसायला ती हिच्यासारखी नको. शत्रूची नक्कल केलेली कोणाला आवडते? त्या नमुन्याचे पुढे फारसे काही झाले नाही.

इकडे १९४५ साली लुधियान्यात महिंद्र बंधू, म्हणजे जे. सी. आणि के. सी., आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ साली गव्हर्नर जनरलही झाले. कंपनीचे नाव १९४८ मध्ये बदलले. तोवर मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली होती. आमच्या दारातल्या जीपची कुळकथा ही अशी.

जपानची कथा अधिक नाट्यमय आहे. १९५० साली टोयोटा बुडायच्या बेतात होती. संप झाला, कामगारकपात झाली, संस्थापक कीइचिरो तोयोदा यांनी राजीनामा दिला. त्याच जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले. अमेरिकन सैन्याने टोयोटाकडून ट्रक घेतले आणि कंपनी तगली. जपानमधले अमेरिकन सैनिक कोरियात गेल्यामुळे मॅकआर्थरच्या आदेशाने ७५ हजारांचे 'पोलीस राखीव दल' उभे राहिले. तेच पुढे आजच्या आत्मसंरक्षण दलाचे मूळ ठरले. या दलाला जीपसारखी गाडी हवी होती.

टोयोटाने जानेवारी १९५१ मध्ये नमुना सादर केला, नाव 'टोयोटा जीप बीजे'. सांगाडा छोट्या ट्रकचा, इंजिन ३.४ लिटरचे, मोठ्या ट्रकमधले सहा सिलिंडरचे. चढावासाठी जीपमध्ये असते ती गिअरची जास्तीची खालची जोडी बीजेमध्ये नव्हतीच. इंजिनात इतका जोर होता, की पहिला गिअरच पुरेल असा हिशेब. अभियंता म्हणून मला ही तडजोड मनापासून आवडते. जे हाताशी आहे ते घ्यायचे आणि जे नाही त्याची गरजच उरणार नाही असे पाहायचे.

त्या वर्षी जुलै महिन्यात टोयोटाचे चाचणीचालक इचिरो ताइरा यांनी ही गाडी फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत नेली. तिथवर मोटार कधी गेली नव्हती. पोलीस अधिकारी पाहत होते. त्यांनी २८९ गाड्यांची मागणी नोंदवली. राखीव दलाने मात्र टोयोटाला नाकारले आणि मित्सुबिशी परवान्याखाली बनवणार होती ती विलीज जीपच पसंत केली. ज्या गिऱ्हाइकासाठी गाडी बनवली, त्याने ती घेतली नाही, आणि परीक्षा पाहायला आलेल्यांनी घेतली!

पुढे विलीजने 'जीप' हे आपले व्यापारनाम असल्याची हरकत घेतली. म्हणून १९५४ साली टोयोटाचे तांत्रिक संचालक हानजी उमेहारा यांनी 'लँड क्रूझर' हे नाव दिले. इंग्लंडात लँड रोव्हर होतीच. रोव्हर म्हणजे भटक्या, तर आपली गाडी जमिनीवरची युद्धनौका!

मित्सुबिशीची जीप १९५३ पासून १९९८ पर्यंत निघत राहिली. तिचा आराखडा विलीजच्या सीजे-३बी या मॉडेलचा. मुंबईत महिंद्रने वर्षानुवर्षे बनवली तीही सीजे-३बीच. म्हणजे वडिलांची सातारची जीप आणि जपानी दलाची जीप सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी, आणि माझी लँड क्रूझर ही त्याच घराची, पण दुसरे नाव लावणारी. वडिलांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग तुझ्या गाडीला आमच्या जीपचे गुण आलेत का, ते बघ."

थोडेसे विषयांतर करतो. ही देवाणघेवाण थांबलेली नाही. १९७० साली आलेल्या सुझुकी जिम्नीचे मूळ होप नावाच्या लहानशा जपानी कंपनीच्या गाडीत होते. ओसामू सुझुकी यांनी तिचे हक्क विकत घेतले. पुढची जिम्नी १९८५ साली आपल्याकडे मारुती जिप्सी म्हणून आली. आणि आता गंगा उलटी वाहते आहे. भारतात बनलेली पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानात जाहीर झाली. चार दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. ऑफिसातले जपानी सहकारी माझ्याकडे गुरुग्रामच्या कारखान्याची चौकशी करू लागले, जणू मी तिथला फोरमन.

असो. आता माझ्या बेताकडे.

डिझेलची ८० मिळाली असती, तर डोंगरात ती अधिक कामाची. पण २००१ साली सुधारलेल्या कायद्याने टोकियो, कानागावा, आइची, ओसाका अशा दाट वस्तीच्या भागांत जुन्या डिझेल गाड्यांची नोंदणी जवळजवळ अशक्य करून ठेवली आहे. म्हणून पेट्रोल. तेरा वर्षांपुढच्या गाडीला कर जास्त, माझ्या गाडीला वर्षाला ८७,९०० येन. सौ.ने हा आकडा फ्रिजवर चिकटवला आहे.

दर दोन वर्षांनी होणारी सरकारी तपासणी, म्हणजे शाकेन, आपल्या परिचयाची आहेच. बदल केलेल्या गाडीचे नियम १९९५ साली सैल झाले. नोंदणीतल्या मापांपेक्षा लांबीत ३, रुंदीत २ आणि उंचीत ४ सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालतो. स्प्रिंग, टायर अशा ठरावीक सुट्या भागांमुळे उंची याहून वाढली, तरी वेगळी नोंद लागत नाही. पण सांगाडा आणि वरचा साटा यांच्यामध्ये ठोकळे घालून गाडी चार सेंटिमीटरपेक्षा उंच केली, तर ते बांधणीतले बदल ठरतात आणि त्यांची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते.

हे मला आधी ठाऊक नव्हते. पहिल्या गॅरेजवाल्याने पाच सेंटिमीटरचे ठोकळे घातले, "दाइज्योबु" म्हणाला आणि पैसे घेतले. शाकेनला गाडी नापास. ठोकळे काढायचे पैसे वेगळे. पन्नास ओळींच्या प्रोग्रामचीही कागदपत्रे तीनदा वाचणारा मी, दोन टन गाडीची कागदपत्रे न वाचता सही करून आलो होतो. घरी हा विषय अजून निघतो.

आता स्वतः हिशेब मांडला आहे. मूळ टायर २७५/७०/१६, म्हणजे व्यास ७९१ मिलिमीटर. २८५/७५/१६ घातले तर ८३४. फरकाचा निम्मा, म्हणजे २१ मिलिमीटर, पोटाखाली मोकळा मिळतो. स्प्रिंगने आणखी ५० मिलिमीटर साटा उचलला जाईल. पण अॅक्सल चाकांनाच जोडलेला, त्यामुळे त्याखालची जागा स्प्रिंगने वाढत नाही, टायरनेच वाढते. तरुण मंडळी नेमके हेच विसरतात. चाक सव्वापाच टक्क्यांनी मोठे झाल्यामुळे वेगदर्शक ४० दाखवील तेव्हा गाडी ४२ ने धावत असेल. मुभेत बसते, पण महामार्गावर ध्यानात ठेवायला हवे.

बंपर कापणे, विंच लावणे, छतावर दिव्यांची माळ हे सगळे यादीतून काढले. कारण १ जानेवारी २०२४. दुपारी चारनंतर नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही घरी टीव्हीपुढे होतो. डोंगर उतरून रस्त्यावर आले होते, २४९ क्रमांकाचा राष्ट्रीय मार्ग जागोजागी तुटला, गावे एकाकी पडली. माझ्या मनात आले, आपल्याकडे अशी गाडी हवी. आणि लगेच लक्षात आले, की जिथे रस्ताच नाही, तिथे मोठे टायर काय करणार? तिथे लागतात पाणी, पांघरुणे, फावडी आणि रस्ता मोकळा करणारी माणसे. मुलीने विचारले, "बाबा, आपल्याकडे असे झाले तर ही गाडी आपल्याला नेईल का?" मी हो म्हणू शकलो नाही.

म्हणून यादीची फेररचना केली. आधी रेडिएटर, रबरी नळ्या, ब्रेक आणि गंजलेल्या सांगाड्याची दुरुस्ती. मग टायर आणि स्प्रिंग. मागच्या भागात वीस लिटर पाणी, चार पांघरुणे आणि प्रथमोपचाराची पेटी कायमची. ही यादी वडिलांना वाचून दाखवली. सोळा बाबी शांतपणे ऐकून ते म्हणाले, "दोर कुठे आहे?" दोर नव्हता. सतरावी बाब ती.

सांगाड्याचे काम पुढच्या महिन्यात सुरू होईल. दिवाळीच्या कार्यक्रमाला गाडी घेऊन येण्याचा विचार आहे. सभागृहाच्या तळघरातल्या यांत्रिक पार्किंगची मर्यादा १.५५ मीटर असल्यामुळे ती बाहेरच्या भाड्याच्या जागेत उभी असेल. मुलांना आत बसून पाहायचे असेल, तर जरूर आणा, फक्त चकली बाहेरच खाऊन या.