लिंबाच्या रसाची कहाणी

भर उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें लिंबाच्या सरबताचा पेला ठेवणें हा महाराष्ट्रांतील घरोघरचा शिष्टाचार. पण ज्या रसानें घटकाभर तहान भागते, त्याच रसाच्या अभावीं एके काळीं हजारों खलाशी प्राणांस मुकले, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

१४९८ च्या ऑक्टोबरांत वास्को द गामा कारवारजवळील अंजदीव बेटावरून मायदेशीं निघाला. अरबी समुद्र ओलांडण्यास त्याला सुमारें तीन महिने लागले. ताजें अन्न मिळेना. खलाशांच्या हिरड्या सुजून दांतांवर चढल्या, पाय सुजले आणि तीस माणसें वाटेंतच दगावलीं. हाच स्कर्व्ही रोग. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीस पोंचतांच आजाऱ्यांनीं संत्रीं मागितलीं!

अनुभव होता, प्रमाण मात्र नव्हतें. तें १७४७ सालीं ब्रिटिश आरमारांतील शस्त्रवैद्य जेम्स लिंड यानें मिळविलें. ‘सॅलिसबरी’ जहाजावरील बारा रोग्यांच्या त्यानें सहा जोड्या केल्या. कोणास शिर्का दिला, कोणास समुद्राचें पाणी, कोणास सफरचंदाचें मद्य. एका जोडीस रोज दोन संत्रीं व एक लिंबू. सहा दिवसांत या जोडीपैकीं एक जण कामावर जाण्याजोगा झाला.

परंतु पुढें दैवदुर्विलास असा कीं, रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवण्याची युक्ति लिंडनेंच सुचविली. आंच लागली कीं रसाचा गुण बहुतांशीं जातो, हें त्या काळीं कोणास ठाऊक असणार? आटीव रसानें रोगी बरे होईनात. अखेर १७९५ सालीं आरमारानें खलाशांस लिंबाचा रस देण्याचें ठरविलें, आणि त्यानंतर तेथील स्कर्व्हीचें थैमान ओसरलें.

हा गुण कशाचा, याचा उलगडा होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. १९३२ पर्यंत ‘क’ जीवनसत्त्वाची ओळख पटली, आणि त्यावरील संशोधनासाठीं हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांस १९३७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

या कहाणींतून गृहिणीनें घ्यावयाचें तें एवढेंच: साखरेचा पाक पूर्ण निवल्यावर लिंबू पिळावें, रस उकळूं नये, आणि पेला भरतांच पाहुण्याच्या हातीं द्यावा. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट ठेवूं नये, हा आजीबाईंचा जुना दंडकही येथें खराच ठरतो. कारण तांब्याच्या संसर्गानें हें जीवनसत्त्व लवकर नाश पावतें.