हिंगोलीतील संकट-समुपदेशन: पंचनाम्यापासून हेल्पलाइनपर्यंत

मानसिक कोंडीत सापडलेल्या माणसाशी त्या क्षणी बोलून त्याला तो प्रसंग निभावून नेण्यास मदत करणाऱ्या संकट-समुपदेशकाची परंपरा लंडनचे धर्मोपदेशक चॅड वारा यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या दूरध्वनी सेवेपर्यंत मागे जाते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात मात्र हे काम मनोविकारशास्त्राच्या ओघात नव्हे, तर शेतकरी आत्महत्यांच्या मागोमाग आले.

त्याआधी या प्रश्नाची दखल प्रामुख्याने महसूल खाते घेत असे. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू पट्ट्यात आत्महत्या झाली की पंचनामा होई, सातबारा आणि थकबाकीचे दाखले जोडले जात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवून पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मंजूर करी. ही यंत्रणा आजही आहे. तिचे काम मृत्यूनंतर सुरू होते, हा तिचा दोष नव्हे, पण मर्यादा निश्चितच आहे.

२०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत, त्यांत हिंगोलीतही, ‘प्रेरणा’ प्रकल्प हाती घेतला. त्यात गावातील आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे हेरायची, गरजेप्रमाणे माणसाला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार पथकाकडे पाठवायचे आणि १०४ या क्रमांकावर दूरध्वनीवरून समुपदेशन मिळावे, अशी योजना होती. झोप लागते का, जेवण जाते का, शेतात जाणे टाळले जाते का, असे प्रश्न आशाताईने विचारले तर दार उघडते, कारण ती गावचीच असते. मात्र त्याच कारणाने सावकाराचे देणे तिच्यापुढे कबूल करणे जड जाते. गावाबाहेरच्या अनोळखी आवाजाची गरज इथेच लागते.

कायदाही दीर्घकाळ आड येत होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा निःशुल्क क्रमांकही उपलब्ध आहे.

या व्यवसायाकडे वळणाऱ्यांसाठी मानसशास्त्र किंवा समाजकार्याची पदवी हा रूढ मार्ग असला, तरी शासकीय कार्यक्रमांतील पदे बहुधा कंत्राटी असतात, आणि हिंगोलीत पीककर्ज, पीकविमा व सावकारी यांची माहिती नसलेल्या समुपदेशकाला समोरच्याचे अर्धे बोलणे कळतच नाही.