सुरत, मीठ आणि नामदार गोखले

मराठी माणसाच्या स्मरणात सुरत शहर दोन प्रसंगांनी कायमचे राहिले आहे. पहिला शिवछत्रपतींच्या स्वारीचा, दुसरा १९०७ सालच्या राष्ट्रीय सभेच्या मोडतोडीचा. पहिल्या प्रसंगाविषयी आपण अभिमानाने बोलतो. दुसऱ्याविषयी बोलताना मात्र बहुधा एका जोड्याची गोष्ट सांगून थांबतो. सभामंडपात खुर्च्या कशा उडाल्या आणि तो पुणेरी जोडा कोणाला लागला, याची वर्णने रसभरित आहेत. परंतु ज्यांच्यात भांडण झाले त्या दोन पक्षांचे म्हणणे काय होते, हे विचारले तर पुष्कळांची स्मृती अडखळते. त्यातही ‘मवाळ’ हा शब्द कालांतराने जवळजवळ शिवीसारखा झाला. पुरावा न पाहता दिलेला हा निकाल आहे. असा निकाल अपिलात टिकत नाही, हे न्यायालयाची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक असते.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या राजकारणाचे मूल्य ठरवायचे तर त्यांच्या साऱ्या भाषणांचा पसारा मांडण्याची आवश्यकता नाही. एकच जिन्नस हाती घेतला तरी पुरे. तो जिन्नस म्हणजे मीठ. गरिबाच्या ताटात दुसरे काही नसले तरी जे असते ते मीठ. आणि सुरतेचे मिठाशी असलेले नाते राष्ट्रीय सभेपेक्षा कितीतरी जुने आहे.

१८४४ साली मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एकदम एक रुपयावर नेला. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर सुरतेचे लोक रस्त्यावर उतरले. त्यांना कोणी पुढारी नव्हता, कोणतीही संस्था त्यांच्या पाठीशी नव्हती, ठराव कसा लिहितात हेही त्यांतील बहुतेकांना माहीत नसावे. परंतु आपल्या चुलीवर कोणी हात टाकला आहे एवढे त्यांना पक्के कळले होते. सरकारला काहीशी माघार घ्यावी लागली आणि कर बारा आण्यांवर ठेवण्यात आला. दंगा शमला, आणि पुढे कर हळूहळू पुन्हा चढत गेला. १८८८ साली तो मणास अडीच रुपये झाला, तेव्हा मात्र सुरत पूर्वीसारखी उठली नाही. क्षोभाचे असे असते. तो विजेसारखा चमकतो, क्षणभर सर्वांना दिपवतो. पण विजेच्या उजेडात हिशेबाची वही वाचता येत नाही.

ती वही वाचणारा पुरुष कोकणातून आला. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे गोखल्यांचा जन्म झाला. दारिद्र्यात शिक्षण, पुण्यात अध्यापन, न्यायमूर्ती रानड्यांची कठोर शिस्त आणि आकडेशास्त्रात पारंगत असलेल्या गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य, एवढ्या सामग्रीवर त्यांची घडण झाली. होनावरचे नारायण गणेश चंदावरकर, ज्यांनी १९०० साली लाहोरच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविले, तेही याच रानडेपंथातले. पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांतून इंग्रजी विद्या घेऊन निघालेल्या त्या पिढीची श्रद्धा अशी होती की, राज्यकर्त्याला त्याच्याच कागदांवरून खोटे पाडता आले पाहिजे.

२६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेकौन्सिलात गोखल्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले. सरकारच्या तिजोरीत मोठी शिल्लक पडली होती आणि इतर सभासद अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होते. पस्तीस वर्षांच्या या प्राध्यापकाने अभिनंदन करण्यास नकार दिला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. विलायतेत भरावयाची रक्कम पौंडांत असे. रुपयाचा भाव घसरला तेव्हा ती भागवण्यासाठी कर वाढवले गेले. पुढे टांकसाळी बंद करून रुपयाचा भाव वर आणला, तूट संपली; पण वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नसून, रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या पैशाची पावती होती. आणि हे कोणत्या काळात? ज्याला गुजराथेत लोक ‘छप्पनियो’ म्हणून अजून ओळखतात त्या भीषण दुष्काळाला दोन वर्षे झाली होती आणि प्लेग चालूच होता. मिठाचा खप दरडोई किती, कर वाढला की तो कसा खालावतो, ब्रह्मदेशात कर कमी असल्याने खप कसा अधिक आहे, हे सर्व त्यांनी सरकारी आकड्यांनीच दाखवले.

पुढच्या वर्षी, १९०३ साली, मिठाचा कर अडीचावरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा ५०० वरून १,००० रुपयांवर गेली. १९०५ साली मिठाचा कर दीड रुपया झाला आणि १९०७ साली एक रुपया. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. शिल्लक होती म्हणून सरकारला उदार होणे परवडले आणि राष्ट्रीय सभाही हे मागणे पूर्वीपासून करीत होती. तथापि ती शिल्लक कोणाची, हा प्रश्न सरकारच्या तोंडावर वर्षानुवर्षे मांडणारा आवाज गोखल्यांचा होता. ज्या एक रुपयाच्या दराविरुद्ध १८४४ साली सुरत पेटली होती, त्याच दरावर त्रेसष्ट वर्षांनी कर परत आला. आणि ज्या वर्षी आला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेत मंडप मोडला.

तो इतिहास थोडक्यात असा. अधिवेशन मूळचे नागपूरला भरायचे होते. तेथे टिळकपक्षाचे बळ पाहून मवाळांनी ते तापीकाठी नेले. कलकत्त्यास १९०६ साली संमत झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे चार ठराव सुरतेत पातळ केले जातील, असा जहालांना संशय होता. ठरावांचे मसुदे वेळेवर हाती आले नाहीत या तक्रारीने तो दृढ झाला. अध्यक्ष म्हणून त्यांना लाला लजपतराय हवे होते. ठरले रासबिहारी घोष. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्षाच्या नावाला अनुमोदन देण्यास उभे राहिले आणि गोंगाटामुळे सभा तहकूब करावी लागली. २७ तारखेला लोकमान्य टिळक तहकुबीची सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर चढले, त्यांना परवानगी नाकारली गेली, ते हाताची घडी घालून उभे राहिले. आणि मग तो जोडा आला, तो सुरेंद्रनाथांना व फिरोजशहा मेहतांना लागला, आणि काठ्या-खुर्च्यांची मारामारी सुरू झाली.

या धामधुमीत घडलेली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तेथे हजर होता. त्याने नमूद केले आहे की, चिडलेले लोक टिळकांवर धावले तेव्हा गोखले त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला आडोसा दिला.

आता, भेद होता तो नेमका कशाचा? गोखले स्वदेशीचे कट्टे पुरस्कर्ते होते. १९०५ साली काशीच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी वंगभंगाचा कडक धिक्कार केला आणि बंगालने उपसलेले बहिष्काराचे हत्यार त्या परिस्थितीत क्षम्य मानले. मात्र बहिष्कारात सूडाची भावना असते, म्हणून ते शेवटचे हत्यार असावे, असे त्यांचे मत होते. १९०७ च्या फेब्रुवारीत अलाहाबादेस त्यांनी ‘सनदशीर चळवळ’ या शब्दाची जी व्याख्या केली ती कायद्याच्या अभ्यासकाने मुळातून वाचावी अशी आहे. बंड, परकीय आक्रमणाला मदत आणि गुन्हेगारी, या तीन गोष्टी वगळल्या की उरलेले सारे सनदशीर. त्याच्या एका टोकाला अर्जविनंती, तर दुसऱ्या टोकाला निःशस्त्र प्रतिकार, अगदी दाद लागेपर्यंत कर न भरण्यापर्यंत! प्रत्येक सनदशीर मार्ग प्रत्येक वेळी शहाणपणाचा असतोच असे नाही, ही पुस्ती त्यांनी जोडली होती. ‘मवाळ’ म्हणून ज्याला आपण हिणवतो त्याच्या कोशात करबंदी हा शब्द होता, तो सुरतेच्या आधीच दहा महिने.

असे असूनही गोखल्यांच्या मार्गाला मर्यादा होती आणि ती झाकून ठेवण्यात त्यांचा गौरव नाही. १९०७ च्या सभाबंदी कायद्याला विरोध करणाऱ्या गोखल्यांनी १९१० चा मुद्रणविषयक कायदा मात्र नाइलाजाने का होईना, मान्य केला. त्या कायद्याखाली पुढे कित्येक वृत्तपत्रे चिरडली गेली. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सक्ती केव्हा करावी हे स्थानिक संस्थांनी ठरवायचे, ती प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती असायची आणि बराचसा खर्च सरकारने सोसायचा, इतके ते सौम्य होते. सुरतेच्या शेजारच्या बडोदे संस्थानात सयाजीरावांनी सक्ती अमलातही आणली होती. तरी मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. युक्तिवादात कोठे उणीव नव्हती; उणीव मतांत होती, कारण मते सरकारची होती. नाताळला गिरमिटिया मजूर पाठवणे मात्र त्यांच्या १९१० च्या ठरावानंतर, जुलै १९११ पासून बंद झाले. सुरत जिल्ह्यातील ज्या व्यापारी कुटुंबांनी दक्षिण आफ्रिकेत संसार थाटले होते, त्यांना या कार्याचे मोल वेगळे सांगायला नको होते.

मिठाची कहाणीही तेच सांगते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. पुण्याच्या स्मशानभूमीत त्यांच्याविषयी आदराचे शब्द बोलण्यास मंडालेहून सुटून आलेले टिळक उभे राहिले. पुढच्याच वर्षी, महायुद्धाच्या खर्चाचे निमित्त करून, सरकारने मिठाचा कर १ रुपया ४ आणे केला. १९२३ साली तर कायदेमंडळाचा विरोध डावलून, व्हाइसरॉयच्या खास अधिकारात तो दुप्पट, म्हणजे पुन्हा अडीच रुपये करण्यात आला. वर्षभरात तो उतरवावा लागला, हे खरे. परंतु युक्तिवादाने मिळालेले दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हे सिद्ध झाले. टिळकपक्षाचा मूळ मुद्दा हाच होता आणि तो खोटा नव्हता.

म्हणूनच १९३० साली जे घडले त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानणाऱ्या गांधीजींनी २ मार्चला व्हाइसरॉयना पत्र लिहिले. त्यात व्हाइसरॉयचा पगार सामान्य भारतीयाच्या उत्पन्नाच्या पाच हजारपटींहून अधिक असल्याचा हिशेब होता, मिठाच्या कराचा गरिबावरील बोजा होता. ते पत्र गोखल्यांच्या वहीतून उतरले होते. मग ते चालत निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले. दांडी त्या वेळी सुरत जिल्ह्यात होती. आज ती नवसारी जिल्ह्यात आहे. महिन्याभराने आपल्या कोकणात, वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही लाठ्या झेलीत होते. त्या चालण्यात १८४४ ची सुरत होती. फरक एवढाच की या वेळी लोकांना आपला हिशेब पाठ होता. तेवढ्यानेही कर लगेच गेला नाही. तो रद्द होण्यास १९४७ साल उजाडावे लागले.

शिक्षणाच्या विधेयकाला न्याय मिळण्यास त्याहून अधिक काळ लागला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली नगरपालिकांपुरता तसा कायदा करून घेतला. आणि शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून राज्यघटनेत आला तो २००२ च्या दुरुस्तीने, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. तेरा मतांनी मांडलेली बाजू हरली तरी दप्तरात राहते आणि पुढच्या पिढीचा वकील ती पुन्हा पटलावर आणू शकतो.

सुरतेत दोन पक्ष दुरावले आणि १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत टिळकपक्ष राष्ट्रीय सभेबाहेर राहिला. या काळात लोकशक्तीला हिशेब मिळाला नाही आणि हिशेबाला लोकशक्ती मिळाली नाही. नुकसान दोघांचेही झाले, देशाचे सर्वांत अधिक. सार्वजनिक कार्यात आजही हीच दोन माणसे समोरासमोर येतात: एकाला संतापाशिवाय काही होणार नाही असे वाटते, दुसऱ्याला कागदाशिवाय. आपल्या मंदिरांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळांतही त्यांची गाठ पडते. तेव्हा मुलांना सुरतेची गोष्ट सांगताना तो जोडा अवश्य सांगावा. पण त्याच व्यासपीठावर टिळकांपुढे पसरलेले गोखल्यांचे दोन हातही सांगावेत, आणि अडीच रुपयांचा एक रुपया कसा झाला तेही.