पदवी, मँगनीज आणि धानाचा कोंडा

"बी.एस्सी. झालास, पण येते काय?" हा प्रश्न पालक विचारतात, कारखानदार विचारतात. विद्यापीठांनी पूर्वी विद्याच दिली आणि नोकरीचा विचार आताच सुरू झाला, असा समज त्यामागे असतो. तो बरोबर नाही.

१८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे ठरविले. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरच्या या विद्यापीठांचे मुख्य काम परीक्षा घेणे हे होते. मजकूर समजून घेणे, तो लक्षात ठेवणे, नीटनेटक्या इंग्रजीत मांडणे हे कचेरीला लागणारे कौशल्य. परीक्षेत कस लागे तो त्याचाच. कौशल्य शिकविले जात होते, पण एकाच प्रकारच्या कामाचे!

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, तेही याच वळणाचे. मात्र कचेरीबाहेर तोवर वेगळेच व्यवहार सुरू झाले होते. बालाघाट, भंडारा आणि नागपूर भागांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मँगनीजच्या खाणी निघाल्या. बालाघाटकडची छोटी रेल्वे गोंदियाला मुख्य लोहमार्गास मिळे. (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला.) खनिज दगडाच्या रूपातच बंदरांकडे जाई. पोलादातील ऑक्सिजन व गंधक यांचा उपद्रव मँगनीज कमी करते. ते रसायनशास्त्र येथील पदवीधर पुस्तकात वाचत होता, पण त्यावरचा धंदा परदेशात चालत होता.

कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे याच मँगनीजच्या व्यवसायातले. १९३० साली ते वारले. उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र यांच्या शिक्षणासाठी त्यांनी नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये ठेवले. त्या काळी ही रक्कम केवढी, याची कल्पना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर द्यावी. तरीही संस्था उभी राहायला १९४२ साल उजाडले. मुंबई विद्यापीठाने १९३३ सालीच वस्त्ररसायन व रासायनिक अभियांत्रिकी यांचे शिक्षण सुरू केले होते, कापडगिरण्या दाराशीच होत्या. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत रासायनिक अभियांत्रिकीबरोबर तेलतंत्रज्ञानही शिकविले जाऊ लागले. तेलबिया पिकविणाऱ्या विदर्भाला ते साजेसेच होते.

आता गोंदियाकडे येऊ. १९५८ साली मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि या भागातील मुलांना घराजवळ उच्च शिक्षण मिळू लागले. हे काम मोठेच. पण गोंदियाचा मुख्य व्यवसाय म्हणजे धान भरडणे, आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. सरकारी भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो कच्चा किंवा ६८ किलो उकडा तांदूळ द्यावा लागतो. सुमारे २० किलो तूस निघते. कोंडा थोडाच, पण त्यात साधारण १५ ते २० टक्के तेल असते. दाण्यात हे तेल आणि ते फोडणारे लायपेज हे विकर वेगवेगळ्या जागी असतात. भरडताना दोन्ही एकत्र येतात आणि काही तासांतच मुक्त मेदाम्ले वाढू लागतात. कोंडा लगेच तापवून विकर निष्क्रिय केले, तर तेल खाण्याजोगे राहते; उशीर झाला तर ते साबणाकडे जाते. कोंड्याचा भाव आम्लतेवर ठरतो आणि आम्लता मोजतात अनुमापनाने.

हेच अनुमापन आपला विद्यार्थी तीन वर्षे करतो! ब्युरेट तेच, फिनॉल्फ्थॅलिन तेच. मात्र चंचुपात्रात असते ते ऑक्झॅलिक आम्ल, आणि उत्तर आधीच ठाऊक असते. कोंड्याच्या तेलासाठी फक्त उदासीन केलेला अल्कोहोल जास्तीचा लागेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४-९५ पासून पदवीला व्यवसायविषय जोडले, २०१४ मध्ये बी.व्होक. आणले; २०२० च्या धोरणानेही प्रत्यक्ष कामावर भर दिला. हे सारे नव्या विषयांच्या नावाने आले, म्हणून पुष्कळ ठिकाणी शिक्षक व उपकरणे नाहीत असे म्हणून थांबले. अनुमापनाला मात्र नवा विषय लागत नाही. एकाच गिरणीतला कोंडा ताजा, एका दिवसाचा आणि तीन दिवसांचा असा तीन पिशव्यांत आणावा, नोंदवहीत तिन्ही वाचने लिहावीत आणि वही त्या गिरणीमालकाला दाखवावी.