दूरस्थ डेस्कटॉप
दुसरीकडे असलेल्या संगणकाचा पडदा नेटवर्कद्वारे आपल्यासमोर आणून तो वापरण्याची पद्धत. कीबोर्ड व माउसचे संकेत त्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, जातात आणि बदललेले चित्र परत येते. प्रक्रिया सर्व्हरवरच होत असल्याने टेबलावरचे यंत्र साधे असले तरी चालते. असा सर्व्हर अनेक जण एकाच वेळी वापरू शकतात. एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची ही सोय एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने १९६१ मध्ये ‘सीटीएसएस’ प्रणालीद्वारे दाखवली. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये अशीच सोय दूरस्थ पडद्यावर देणारी विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली. एकच सर्व्हर अनेक जण वापरतात अशा कार्यालयांत प्रत्येकाला स्वतंत्र खाते व पासवर्ड हवाच. काम संपल्यावर केवळ खिडकी बंद न करता लॉगआउट करावे. अन्यथा सत्र चालू राहून सर्व्हरची मेमरी अडून राहते.