बोरघाटाची गाडीवाट आणि अंगणातील मालमोटार

मावळातील जुन्या घराची मांडणी ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे सांगावयास नको की, ओट्यासमोर अंगण, अंगणाच्या एका अंगास गोठा आणि गोठ्यालगत टेकू लावून उभी केलेली बैलगाडी, असे त्या घराचे ठरलेले रूप असे. भातशेतीची कामे आटोपली की तीच गाडी भाड्याने घाटवाटेस लागे. ती शेतीची की धंद्याची, असा प्रश्न अंगणात उभी करताना कोणी विचारीत नसे. खंडेनवमीस तिच्या चाकांस हळदकुंकू लागे. त्याच अंगणात आज मालमोटारीस झेंडूची माळ चढते. भेद इतकाच की, मालमोटारीच्या धन्याच्या हाती आता एक कागद येतो आणि त्यात निवासी विभागात अवजड वाहन उभे करून जमिनीचा वापर बदलल्याचा ठपका असतो. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची चूल एकाच मालमोटारीवर पेटते. म्हणून या प्रश्नाचा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे वाटले.

बोरघाटात गाडीरस्ता फार उशिरा झाला. त्यापूर्वी लमाण व वंजारी यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य यांची ने-आण करीत. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज रघुनाथरावांस घेऊन याच घाटाने तळेगावापर्यंत आली, तेव्हा तिच्याबरोबर १९,००० बैल होते, असे ग्रँट डफ नमूद करतो. इतकी जनावरे रात्री कोठे बांधीत असतील, हा विचार वर्गात वडगावचा तह शिकविताना माझ्या मनात दरवर्षी येई. पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर नसे. १८२५ साली बिशप हेबर येथून गेला, तेव्हाही चढ इतका उभा होता की माल बैलांच्या व घोड्यांच्या पाठीवरूनच जात होता. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने घाटाचा नवा गाडीरस्ता खुला केला आणि मावळच्या गाडीवानाचे दिवस सुरू झाले.

आगगाडी आली आणि गाडीवानाचा धंदा एका दिवसात बुडाला, अशी एक समजूत आहे. ती पुरती खरी नाही. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला. कोकणाच्या बाजूने गाडी खोपोलीपर्यंत येतच होती. मधला घाट मात्र १८६३ साली पुरा झाला. त्या सुमारे पाच वर्षांत उतारू आणि माल यांना घाट ओलांडण्यास पालखी, तट्टू व बैलगाडी हाच आधार होता. आशिया खंडात नावाजलेल्या त्या लोहमार्गाचे दोन तुकडे इतका काळ आमच्या गाडीवानांनी सांधून धरले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीपलीकडे जात नाही. असो.

१८७७ साली लोणावळ्यास नगरपालिका स्थापन झाली. नगरपालिका आल्या तशी रस्त्यात वाहन उभे करण्यावर बंधने आली, आणि ती येणे योग्यही होते. परंतु त्या जुन्या व्यवस्थेत एक शहाणपण होते. गाड्यांची गर्दी जेथे होई, तेथे त्यांच्यासाठी तळ असे. हडपसरचे ‘गाडीतळ’ हे नाव आजही बसच्या पाटीवर वाचावयास मिळते. गाड्या गेल्या, नाव राहिले. मोटारींच्या कायद्यानेही हे तत्त्व सोडले नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७६ व्या कलमाने आणि पुढे १९८८ च्या कायद्याच्या ११७ व्या कलमाने, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने उभी करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार शासनाला व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना दिला. अधिकार दिला, पण तळ नेमलेला मी आमच्या बाजूच्या लहान गावांत क्वचितच पाहिला.

येथवर गोष्ट रस्त्याची झाली. अंगणाचा कायदा वेगळा आहे आणि या दोहोंची गल्लत करून आपले बांधव फसतात. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली झाला. वस्ती एकीकडे, कारखाने दुसरीकडे, दुकाने तिसरीकडे, अशी नकाशावर रंगांनी वाटणी करण्याची कल्पना परदेशातून आली. अमेरिकेत ओहायो राज्यातील युक्लिड नावाच्या खेड्याने अशी वाटणी केली, तेव्हा जमीनमालक कंपनीने न्यायालयात दाद मागितली. १९२६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल खेड्याच्या बाजूने दिला. इंग्लंडने १९४७ च्या कायद्यात मात्र एक सवलत ठेवली. घराच्या आवारातील जागा घराच्या उपभोगास आनुषंगिक अशा कामासाठी वापरली, तर तो ‘विकास’ मानू नये, असे त्यात म्हटले. ‘आनुषंगिक’ या एका शब्दावर वकिलांची पोटे भरावीत हे ओघानेच आले.

आपल्याकडील १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने ‘विकास’ या शब्दात जमिनीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही धरला व त्यास परवानगी आवश्यक केली. गंमत अशी की, लग्नाचा मांडव व सणसमारंभ यांसाठी होणाऱ्या तात्पुरत्या वापराची आठवण कायदा करणाऱ्यांनी ठेवली. धन्याची गाडी रोज रात्री त्याच्या दारी येते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली नाही. स्वतःची एक मालमोटार रात्री स्वतःच्या अंगणात उभी करणे हा वापरातील महत्त्वाचा बदल होय काय, हाच वादाचा खरा मुद्दा. माझ्या मते एका गाडीने घराचा तळ होत नाही. चार गाड्या, दुरुस्तीचे ठोकणे आणि तेलाची पिंपे आली म्हणजे होतो. मर्यादा कोठेतरी आखावी लागेल, हे आपणही मान्य केले पाहिजे. पहाटे चार वाजता इंजिन तापवीत ठेवणाऱ्या धन्याच्या शेजारी आजारी माणूस असू शकतो, आणि मागे घेताना अंगणात खेळणारे मूल चालकास दिसत नाही. शेजाऱ्याची तक्रार प्रत्येक वेळी द्वेषातूनच येते असे नाही.

मावळात गुंता आणखी वाढला आहे. २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तेव्हा तीतून ज्यांस वगळले त्यांत लोणावळा नगरपरिषदेचा नाव घेऊन उल्लेख होता. तेव्हा नगरपरिषदेच्या हद्दीत एक नियमावली आणि हद्दीबाहेरच्या खेड्यांत दुसरी, अशी स्थिती झाली. एकत्रित नियमावलीत इमारतीच्या आवारातील वाहतूक वाहनाच्या जागेचे माप ३.७५ मीटर रुंद व ७.५ मीटर लांब असे धरले आहे. मोटार वाहन नियमांनी मालमोटारीस १२ मीटरपर्यंत लांबी दिली आहे. ज्याने एक आकडा लिहिला त्याने दुसरा पाहिला नसावा.

विरोध नोंदविण्याचा मार्ग मात्र कायद्यातच आहे. आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की ठरावीक मुदतीत लेखी हरकती व सूचना देता येतात आणि त्यांवर सुनावणी होते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, ज्याच्या क्षेत्रात मावळ तालुका येतो, २०२१ साली आपले प्रारूप प्रसिद्ध केले. त्यावर हजारोंच्या संख्येने हरकती आल्या आणि २०२५ साली शासनाने ते प्रारूपच रद्द केले.

त्या २०२१ च्या वेळची एक हकीगत सांगतो. माझ्या नात्यातील एका गृहस्थांची एकच मालमोटार आहे. त्यांना पूर्वी एका कार्यालयाकडून नोटीस आली होती, तेव्हा ते मजकडे उत्तर लिहून घेण्यास आले. मी विचारले, “ही नोटीस रस्त्यावर गाडी उभी केल्याची की अंगणात केल्याची?” त्यांस सांगता येईना, कागदावरील कलमाचा आकडा त्यांनी वाचलाच नव्हता. पुढे प्रारूप निघाले. त्यांच्या घराचा गट नकाशावर पिवळ्या रंगात, निवासी विभागात, आला होता. “आपल्या गावी मालमोटारींसाठी तळाची जागा राखून ठेवा, आणि तोवर एका धन्यास एक गाडी स्वतःच्या आवारात उभी करू द्या,” असा दीड पानांचा अर्ज आम्ही लिहिला. तो घेऊन ते गेले तेव्हा मुदत सरून आठ दिवस झाले होते. अर्ज परत आला.

तो अर्ज त्यांनी जपून ठेवला आहे. गेल्या दिवाळीत मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या मुलाने फीत धरून अंगण मोजले: फाटकापासून ओट्यापर्यंत अकरा मीटर, गाडी साडेनऊ. हा आकडा त्याने अर्जाच्या मागील कोऱ्या बाजूस लिहून ठेवला, आणि नव्या प्रारूपाची जाहिरात आली की मला त्याच दिवशी कळवावे, असे मी त्यास सांगून आलो आहे.